चारची गाडी आणि शालूवहिनीचा तबला

शालूवहिनी गेली त्या सकाळी मी अंगणात आंबोशी वाळत घालत होते. दगडी गडग्यापलीकडून तिच्या लेकीने, वंदनाने, हाक मारली, "मावशी, जरा येतेस?" एवढंच. हाकेत रडणं नव्हतं, घाईही नव्हती, आणि त्या घरातून बिनघाईची हाक मी इतक्या वर्षांत कधी ऐकली नव्हती. हातातलं सूप तिथेच ठेवून मी गेले. वहिनी खाटेवर डोळा लागल्यासारखी पडली होती. दुखणं वर्षभराचं, डॉक्टरांनी शिमग्यानंतर स्पष्ट सांगूनच ठेवलेलं, त्यामुळे धक्का बसला असं कोणी म्हणू नये. तरी मला बसला. आता दीडेक महिना उलटला. रस्त्यात भेटणारे म्हणतात, "चांगली बाई होती हो." होतीच. पण चांगल्या बायका आमच्या आळीत पैशाला पासरी आहेत, नुसती तेवढीच असती तर मी तिच्यावर लिहायला बसले नसते. नवरा बोटीवर, सासू घरात, दोन मुलं शाळेत, स्वतः चाळिशीला टेकलेली... अशा संसारातून उठून ‘मला तबला शिकायचाय’ म्हणणारी मात्र ती एकटीच निघाली.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. रत्नागिरीत तेव्हा मोठ्या माणसाने, त्यातून बाईने, काही शिकायचं म्हणजे त्याला कारण लागे. नोकरीसाठी टायपिंग, मुलीच्या लग्नासाठी शिवण, नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि जमलंच तर इंग्रजी. नुसतं मनात आलं म्हणून शिकायची सोय कुठेच नव्हती. शालूवहिनीच्या मनात तबला कुठून आला हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती दाभोळची. माहेरी गणपतीत तिचा भाऊ ढोलकी वाजवायचा आणि ही खाडीलगतच्या विहिरीवरून पाणी भरून आणताना कळशीवर तोच ठेका धरायची. "ढोलकीला हात लावला की आई म्हणे, आपल्या घरी जाऊन वाजव. आपल्या घरी आले, तर म्हटलं पोरं जरा मोठी होऊ देत. आता पोरं झाली मोठी, तर सगळे म्हणतात या वयात? मग वय नक्की कुठलं गो मालू? मधे कधी येऊन गेलं ते मला कळलंच नाही." हे ती हसत सांगत होती. मला मात्र हसू आलं नाही, कारण मीही तिच्याच रांगेतली. फरक इतकाच की मला काय शिकायचंय तेही मला ठाऊक नव्हतं.

शोध सुरू झाला तो दुपारचा. दुपारी दोननंतर तिच्या सासूबाई, ज्यांना सगळी आळी काकी म्हणे, पडवीत आडव्या होत आणि चारला चहासाठी उठत. तेवढ्या वेळात आम्ही दोघी छत्र्या घेऊन गाव पालथा घालायचो. आधी एका महिला मंडळात गेलो. तिथल्या बाई प्रेमळ होत्या. त्यांनी आम्हाला शिवणाचे, भरतकामाचे, केळ्याच्या वेफर्सचे वर्ग सांगितले, आणि वहिनीने तबला म्हटल्यावर कागदी फुलांचाही एक सांगितला. मग स्टँडजवळच्या एका खोलीत गाण्याच्या वर्गाची पाटी दिसली. आत सतरंजीवर बारकी बारकी मुलं बसलेली. शिकवणाऱ्या गृहस्थांनी आमच्या पायांकडे, मग आमच्या मागे पाहिलं.

"मुलगी कुठाय?"

"कुठली मुलगी?"

"जिला घालायचीय ती."

"मलाच घालायचंय," वहिनी म्हणाली. सगळी सतरंजी खो-खो हसली. ते गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी जी फी सांगितली ती ऐकून आम्हीच हसत बाहेर पडलो. तसं पाहिलं तर बोटीवरून पैसे येत होते, पण ते येत काकींच्या हाती. आणि तबल्यासाठी काकींपुढे पदर पसरण्यापेक्षा वहिनीने पोहत मिऱ्या बंदर गाठलं असतं.

शेवटी माणूस सापडला तो घरामागेच. जोगमास्तर शाळेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी चिपळूणला दिलेली. सकाळ-संध्याकाळ पोरांना परीक्षेचा तबला शिकवत आणि दुपारी स्वतःशीच कुरकुरत. त्यांनीही आधी ‘कशाला?’ विचारलं. वहिनी म्हणाली, "मास्तर, वाजवायला." हे उत्तर त्यांना बहुतेक कोणी दिलं नसावं. मग ते म्हणाले, "एकट्या बाईला शिकवणार नाही, लोक मला गावाबाहेर काढतील. दोघी या. दुसरीने पेटीवर लहरा धरायचा." लहरा म्हणजे तबल्याला सोबत म्हणून पुन्हा पुन्हा वाजवायचं एक छोटंसं वळण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. वहिनीने माझ्याकडे न बघताच हो सांगून टाकलं. मी बाहेर आल्यावर तिच्यावर डाफरले, तर म्हणते, "तुला तरी दुपारी काय काम असतं? झोपतेसच ना?" माझं संगीताचं शिक्षण हे असं गळ्यात पडलं.

फीचा प्रश्न वहिनीने तिच्या पद्धतीने सोडवला. परसातले दोन माड तिने लग्न होऊन आल्यावर स्वतः लावलेले होते आणि त्यांच्या नारळांवर तिच्याशिवाय कोणाचा शब्द चालत नसे. महिन्याच्या पहिल्या दिवशी ती मास्तरांच्या उंबऱ्यावर नारळ ठेवायची, माझ्या वाट्याचाही. पुढे पुढे आणखी बायका यायला लागल्या आणि त्याही नारळच आणू लागल्या, तेव्हा मास्तर वैतागले. "एकटा माणूस मी, किती सोलकढी पिऊ? माझं घर आहे की वखार?" मग ज्याच्या परसात जे होईल ते आणायचं ठरलं. कोणी पडवळ, कोणी तोंडली, एकीने तर झाडू बांधून आणले. आमच्या गावात मोठ्या माणसांना परवडेल असा वर्ग निघाला तो असा. त्याला नाव नव्हतं, पाटी नव्हती. ‘दुपारी कुठे जाता?’ असं कोणी विचारलं तर आम्ही ‘मास्तरांकडे’ म्हणायचो आणि विचारणाऱ्याला वाटे मुलांच्या मार्कांसाठी.

आता मुख्य भानगड सांगते. मास्तरांच्या घरापुढच्या वळणावर चारची एस्टी हॉर्न द्यायची. वळण आंधळं, त्यामुळे ड्रायव्हर कोणीही असो, हॉर्न चुकत नसे. तो वाजला की समजायचं काकी उठल्या. वहिनीचे हात ठेक्याच्या मधोमध असतील तिथून उचलले जायचे, माझा भाता अर्ध्यावर बंद व्हायचा, आणि मास्तर ‘अहो, समेवर तरी या!’ म्हणेपर्यंत आम्ही चपला घालून गडग्याच्या वाटेला लागलेल्या असायचो. मास्तर रोज म्हणायचे, "शेवट कसा करायचा ते उद्या दाखवतो." उद्या पुन्हा सुरुवातीपासून उजळणी, आणि पुन्हा हॉर्न. असं वर्ष गेलं, दुसरं लागलं. वहिनीचा हात असा बसला होता की मुलांना शिकवताना मास्तर तिचं उदाहरण द्यायचे. पण कुठलीही गोष्ट संपवायची कशी, हे आम्हा दोघींना शेवटपर्यंत आलं नाही.

मधल्या काळात तिच्या घरी तबल्याची जोडी आली. दत्ताभावजी, म्हणजे तिचे यजमान, बोटीवरून सुट्टीवर येताना आळीतल्या प्रत्येकीसाठी काहीबाही आणायचे. त्या वेळी पत्रातून काय हवं विचारलं तेव्हा हिने धीर करून तबला लिहिला. भावजी उतरले ते काखेत तबला-डग्गा घेऊनच. "परदेशात हे मिळत नाय म्हणाले, म्हणून मुंबयचाच आणला. चालेल ना?" काकींनी जोडीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. "बायकांनी टाळ वाजवावेत. तबला वाजवून कुठं दिवे लावायचेत हिला?" म्हणाल्या आणि आत गेल्या. परत कर असं मात्र म्हणाल्या नाहीत, कारण लेकाने आणलेलं होतं.

पावसाळा लागला आणि नवीच अडचण उभी राहिली. आपल्याकडची हवा ती... मिठाला पाणी सुटतं तिथे तबल्याच्या पुडीची, म्हणजे वरच्या कातड्याची, काय कथा. पुडी अशी सैल पडली की थाप मारावी तर ओल्या उशीवर मारल्यासारखा आवाज. वहिनीने डोकं चालवलं. चुलीवर छताला टांगलेला बांबूचा तट्ट्या होता, पावसाचं वाळवण ठेवायचा, त्यावर तिने तबला चढवला. पुडी खणखणीत राहिली, यात शंका नाही. पण त्याच तट्ट्यावर वर्षाचे सुके बोंबील आणि सोडेही होते, हे तिच्या ध्यानात आलं नाही. ज्याच्या घरात तो वास कायम असतो त्याला तो येतच नाही. ती जोडी घेऊन आम्ही मास्तरांकडे गेलो. मास्तरांच्या घरी सात पिढ्यांत कोणी मासळीला शिवलं नव्हतं. त्यांनी तबला सुरात लावायला जवळ ओढला, थांबले, उपरणं नाकाशी धरलं आणि म्हणाले, "शालिनीबाई, उजवा ठीक बोलतोय. पण डाव्यातून बोंबील बोलतोय." वहिनी लाजून अर्धी झाली. मी मात्र पेटीवर डोकं ठेवून हसत सुटले. मास्तरांनी त्या दिवशी खिडकीत बसून शिकवलं. हळूहळू त्यांनाही सवय झाली, पण आमच्यामागून मास्तरांच्या पडवीत यायला लागलेल्या मांजरीचं कारण ते सगळ्यांना सांगत.

श्रावणात आमच्या वाडीतल्या देवळात नामसप्ताह असतो. सात दिवस, दिवसरात्र देवापुढे भजन चालू, एकेका वाडीने पहारा वाटून घ्यायचा आणि मधे क्षणभरही नाद थांबू द्यायचा नाही, ही चाल. बायकांचा पहारा दुपारी दोन ते चार, नुसत्या टाळांवर. त्या वर्षी वहिनीच्या मनाने घेतलं की आपल्या पहाऱ्याला तबला वाजवायचा. "चार माणसांत बसून एकदा वाजवायचंय गो. एकदाच. मग नाही वाजवला तरी चालेल." तिला काय हवंय ते मला त्या दिवशी नीट कळलं. तबला तिच्या हातात आला होता, पण तो चोरून, दुपारी, सगळे झोपलेले असताना. तिला तो जागेपणी हवा होता.

देवळाचं बघणारे तुकारामआबा म्हणजे वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांना विचारायला मीच गेले. आबा तंबाखू मळत म्हणाले, "वाजव म्हणावं. देवाला काय, ऐकायला बरंच वाटंल. पण बाय, एक हाय. नाद तुटता नये. तुटला तर पुढच्या सालापासून बायकांचा पहारा बंद, मग माझ्याकडं यायचं नाय." एवढ्या एका अटीवर सगळं आलं. एका तबल्यापायी साऱ्याजणींचा पहारा जायचा, म्हणजे आळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

आदल्या दिवशी दुपारी वहिनी धावत माझ्याकडे आली. "मालू, मास्तर चिपळूणला गेलेत मुलीकडे. आणि आपल्याला थांबायचं येतच नाही गो! चारला पुरुष आले की आपण थांबायचं कसं?" दुसरी काळजी वासाची. भर श्रावणात बोंबलाच्या वासाचा तबला देवळात न्यायचा म्हणजे आबांनी आम्हाला पायरीही चढू दिली नसती. वहिनीने जोडी पुसली, वाऱ्याला ठेवली, तुळशीची पानं चोळली. तो आपला जिथल्या तिथे. संध्याकाळी ती रडवेली होऊन बसली असताना काकी आतून आल्या. हातात धुपाटणं. काही न बोलता त्यांनी तबला पुढ्यात घेतला, डग्गा त्याच्याशेजारी, आणि बाळंतिणीच्या बाळाला शेक द्यावा तशी त्या जोडीला सगळीकडून धुरी दिली. वाद्या, कडी, बूड, काही सोडलं नाही. निखारे विझले की पुन्हा आणायच्या, पुन्हा ऊद टाकायच्या. "उद्या मीपण येतेय टाळ घेऊन," एवढंच म्हणाल्या. हे मला वहिनीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसलो. मी पेटीवर, ती तबल्यावर, काकी आणि बाकीच्या टाळ घेऊन. पहिली थाप जरा हलकी पडली, दुसरी नेमकी, आणि मग ती अशी लागली की देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं आत येऊन टेकली. साधा केरव्याचा ठेकाच, पण काय स्वच्छ पडत होता! बायका एरवी दुपारच्या पेंगत म्हणत त्या ताठ होऊन म्हणायला लागल्या. आबा खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, जमलं...

आणि चारची गाडी वळणावर आली.

हॉर्न वाजला. दोन वर्षांची सवय ती. माझा हात भात्यावरून आपोआप निघाला. शालूवहिनीचेही दोन्ही हात वर उचलले गेले आणि तसेच अधांतरी राहिले. बाकीच्या बायका गांगरून गप्प झाल्या. आबांनी डोळे उघडले. त्या शांततेत एकच टाळ वाजत होता, काकींचा. काकी सुनेकडे बघत होत्या, बघत म्हणजे वटारून, आणि टाळ हाणत होत्या. मग त्या टाळाच्या तालातच ओरडल्या, "मी इथं हाय गो! चहा कोणाला करायचाय? वाजव!"

वहिनीचे हात खाली आले. नाद तुटला नव्हता. पुढचा पहारा पलीकडच्या वाडीचा, त्यांची माणसं वाटेतल्या पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आल्यामुळे वेळेवर पोचली नव्हती, तेव्हा आम्ही वाजवत राहिलो. किती वेळ ते कोण मोजतंय. माझ्या भात्याच्या हाताला मुंग्या आल्या, काकी घामाने भिजल्या, पण कोणी थांबलं नाही. अखेर ती मंडळी भिजून आली. त्यांचा मृदंगवाला वहिनीशेजारी मांडी घालून बसला, दोन आवर्तनं नुसता ऐकत राहिला आणि मग तिच्याच ठेक्यावर त्याने हळूच आपली थाप टेकवली. दोघं थोडा वेळ बरोबर वाजवत होते. "आता काढा हात ताई," तो म्हणाला. तिने काढले. सप्ताहात शेवट करायचाच नसतो, दुसऱ्याच्या हातात द्यायचं असतं, ही साधी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि आम्हीही इतकी वर्षं देवळात जाऊन पाहिली नव्हती.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली, हे आवर्जून लिहायला हवं. स्मृतिलेख म्हटला की दुःखच असावं असं नाही. बायकांच्या पहाऱ्याला दर साली तबला वाजला. मास्तरांची पडवी भरत राहिली. काकी दुपारी झोपायच्या बंद झाल्या आणि मास्तरांच्या पडवीच्या कोपऱ्यात बसून ‘डावा हात आज आळसात आहे हिचा’ असं खुशाल सांगायला लागल्या. त्या गेल्या, मागोमाग मास्तर गेले, जाताना आपली पेटी माझ्याकडे देऊन. मग वर्ग वहिनीच्या ओटीवर भरू लागला. दत्ताभावजी बोटीवरची नोकरी संपवून घरी आले ते सगळ्यांना चहा करून देत. नव्या येणाऱ्या बायका भीत भीत विचारत, "फी काय?" वहिनी म्हणे, "तुमच्या परसात काय होतं?" आणि कोणी ‘या वयात जमेल ना?’ म्हटलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची, "हिला जमलं, मग तुम्हाला का नाही?" मी आत्ताही यावर रागावून आहे.

शेवटची भेट ती जाण्याच्या चार दिवस आधीची. दुपार होती. बोलणं तिला जड जात होतं. खाटेच्या कडेवर बोटं मात्र चालू होती, केरवाच, पण फार हलका. मी नुसती बसून ऐकत होते. तेवढ्यात वळणावर चारची गाडी वाजली. तिची बोटं थांबली. आणि माझं मलाही न कळता मी खाटेच्या कडेवर तोच ठेका धरला, पेटीवाल्या हाताने, वेडावाकडा. तिने डोळे उघडले, थोडा वेळ माझ्या बोटांकडे पाहत राहिली आणि तिने आपला हात उचलून पोटावर ठेवला. "डावं जरा दाबून ठेव," ती म्हणाली. माझ्याशी बोललेलं तिचं शेवटचं वाक्य ते हेच.

परवा भावजींनी मला आत बोलावलं. चुलीवरच्या तट्ट्यावरून तबल्याची जोडी उतरवली, तिच्याच जुन्या लुगड्यात बांधलेली. "पावसाळी दिवस. पुडी सैल पडंल म्हणून मी वर चढवून ठेवला होता," ते म्हणाले. "घेऊन जा. इथं कोण वाजवणार?" मी म्हटलं, "नेणार नाही. तो इथेच राहील, चुलीवर. मीच रोज इथे येते." श्रावण तोंडावर आलाय आणि पहाऱ्याला कोणी तरी बसायला हवं. त्याच दुपारी ओटीवर वंदना पेटीवर बसली, माझी पेटी, माझ्यासारखीच चुकत. मी लुगड्याची गाठ सोडली. आधी ऊद आला, मागून बोंबील. दोन्ही तस्से आहेत. आम्ही चार-पाच जणी होतो. मी डावं दाबून ठेवून सुरुवात केली. पुष्कळ चुकले, पण चालू ठेवलं. मग चारची गाडी वळणावर आली, हॉर्न वाजला... आणि कोणीही उठलं नाही.